पस्तिशीची अट

हेदिया माझ्याकडे पहिल्यांदा आली ती फळ्या मागायला.

स्फाक्सच्या मासळीबंदरामागे माझी शेड आहे. चाळीसेक वर्षं तिथे होड्या बांधल्या. गुडघे गेले तेव्हा थांबलो, पण शेड सोडली नाही. तिच्या वडिलांची, करकेना बेटावरच्या मन्सूरची, होडी माझ्याच हातची. म्हणून तिने दारातूनच ओळख दिली.

"अम ताहर, मी मन्सूरची हेदिया. बाबांनी सांगितलंय, होडी अजून गळत नाही म्हणून सांग."

अम म्हणजे काका. आमच्याकडे म्हाताऱ्या कारागिराला सगळे तसंच म्हणतात.

"न गळण्यासाठीच बांधली होती. तुला काय हवंय?"

"फळ्या. पायांवर उभ्या राहतील अशा. कागद लावायचेत."

मग तिने सगळं सांगितलं. ती समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या गवतावर पीएचडी करत होती. आमच्या आखातात त्या गवताची कुरणं आहेत. त्यांच्यात मासे अंडी घालतात, आणि ओढीची जाळी ती कुरणं उपटून नेतात. एवढं मलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे की, असा अभ्यास करणाऱ्यांचीही सभा असते. सागरविज्ञान सभा. मोठे प्राध्यापक, संशोधन केंद्रातले लोक, दरवर्षी एक परिषद. त्या सभेची एक तरुण शाखा होती. पीएचडी करणारी किंवा नुकती झालेली, पण अजून कायम नोकरी न लागलेली पोरं तिच्यात. परिषदेत त्यांची पोस्टरं संडासाकडे जाणाऱ्या बोळात भिंतीला चिकटवायचे.

"चिकटपट्टी सुटते," ती म्हणाली. "आमचं काम जमिनीवर पडतं आणि लोक त्याच्यावर पाय देऊन कॉफीला जातात."

"फळ्या करून देतो. घासायच्या तू."

तिने पॉलिश पेपर घेतला आणि दुपारभर घासलं. मी तळवा फिरवून बघितला.

"हात फिरव. लागतंय काही?"

"थोडंसं."

"मग झालं नाही."

तिने तोंड वाकडं केलं नाही. पुन्हा घासायला बसली. शिकलेली माणसं शेडमध्ये पुष्कळ आली, होडीचे फोटो काढून गेली. 'थोडंसं' खरं सांगणारी ही पहिली.

तेव्हा तरुण शाखेचा प्रमुख होता सी फत्ही. सी म्हणजे साहेब. मिशा पांढऱ्या, नातवंडं शाळेत. वर्षानुवर्षं तो 'तरुणांचा प्रतिनिधी' म्हणून सभेच्या कार्यकारिणीत बसायचा आणि बाहेरदेशीची निमंत्रणं आली की स्वतःच जायचा. शाखेची मतदानं व्हायची तेव्हा चिठ्ठ्या तो खिशात घालायचा, कॉफी पिऊन यायचा आणि निकाल सांगायचा. हेदियाने त्याच्याशी उघड भांडण मांडलं. पोरं जमवली आणि दोन गोष्टी नियमात घालून घेतल्या. एक म्हणजे, पस्तीस पूर्ण झाली की त्या दिवशी शाखेतून बाहेर, कोणीही असो. दुसरी, मतदानाच्या चिठ्ठ्या प्रमुखानेच उघडायच्या, उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचत. खिसा नाही, कॉफी नाही.

हे तिने मला फळ्या घासता घासता सांगितलं. डोळे चमकत होते.

"पस्तीसच का?" मी विचारलं.

"पस्तिशीपर्यंत सगळ्यांना नोकरी लागते, अम ताहर. नोकरी लागली की मोठ्या सभेचे सभासद. ज्याला नाही लागली तो आळशीच असणार."

तेव्हा दरवर्षी जागा निघायच्या. ती सत्तावीस वर्षांची होती. तिच्या मनात पस्तीस म्हणजे म्हातारपण.

सी फत्ही शाखेतून बाहेर पडला आणि पोरांनी हेदियालाच प्रमुख केलं.

सभेची कचेरी शनिवारी बंद असते, म्हणून शाखा माझ्या शेडमध्ये भरायला लागली. एक अर्धवट राहिलेली होडी मी पालथी घालून ठेवली होती, तिच्यावर पोरं ओळीने बसायची. ज्याला परिषदेत बोलायचं असेल तो समोर उभा राहायचा. हेदियाच्या हातात घड्याळ आणि माझा लाकडी हातोडा. वेळ संपली की ठोका. वाक्य अर्धं असलं तरी ठोका.

"अजून एकच मुद्दा—"

"तुझा मुद्दा कॉफीला गेला. पुन्हा पहिल्यापासून."

पोरं तिला घड्याळबाई म्हणायची. तोंडावर म्हणायची, तीही हसायची. पण सोडायची नाही. निबंधाचा सारांश उशिरा आला तर परत. तक्ता वाकडा असला तर परत. पोस्टरचं अक्षर लांबून वाचता येत नसेल तर शेडच्या दुसऱ्या टोकाला उभं करून विचारायची, "आता तूच वाच बघू."

मोएझ नावाचा एक पोरगा गाबेसहून यायचा. तिसऱ्यांवर काम करायचा, म्हणजे त्या शिंपल्यांत कारखान्यांचं काय काय उतरतं ते मोजायचा. काम चांगलं, पण बोलायला लागला की शब्द एकमेकांच्या अंगावर पडायचे. पहिल्या दिवशी कोणालाच काही कळलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "मोएझ, तिसऱ्या जिवंत आहेत की पळून गेल्या?" सगळे हसले. पोराचे कान लाल झाले.

हेदियाने त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. "प्रत्येक नकाशा दाखवल्यावर एक घोट. घोट गिळून झाल्याशिवाय पुढचा नकाशा नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, याला तहान लागलीय. तोवर नकाशा वाचून होईल."

तो हिवाळाभर घोट घेत बोलत राहिला. त्या वर्षी परिषदेत लोकांनी त्याला प्रश्न विचारले. बाहेर येऊन त्याने हेदियाच्या डोक्याचं चुंबन घेतलं, आईचं घेतात तसं. ती म्हणाली, "सोड, फळ्या उतरवायच्यात." तिचा तोही नियमच होता. आधी फळ्या खाली, मग जेवण. मोठे लोक आत मासळीचा कुसकुस खात असायचे आणि ही पोरं बाहेर पेचकस फिरवत असायची. कुरकुरायची, पण फिरवायची.

पोरं तयार झाली की जायची. कोणी जेनोवाला, कोणी मार्सेयला. शिफारशी हेदिया मिळवायची, मुलाखतीची तयारी तीच करून घ्यायची. तोवर ती सगळ्यांची लल्ला, म्हणजे ताई, झाली होती. ईदला त्यांचे फोन यायचे, "लल्ला हेदिया, इथे चरमुला मिळत नाही." ती म्हणायची, "कांदा-मनुका मिळतात ना? मग रड आणि शिजव."

ती स्वतः कुठेच गेली नाही. तिची कुरणं इथे होती. तिने पीएचडीच्या काळात खोल पाण्यात काही चौकोन आखून ठेवले होते आणि दर वसंतात संशोधन केंद्राच्या बोटीवरून तिथे उतरून ती गवताची पाती मोजायची. "एक वर्ष चुकलं की साखळी तुटते," ती म्हणायची. त्या बोटीवर विम्यासाठी सभेचं ओळखपत्र लागतं. तरुण शाखेचं चालतं, मोठ्या सभेचं चालतं. दुसरं चालत नाही.

आणि कायम नोकरी? ती एका संस्थेत तासिकेवर शिकवायची. पहिली काही वर्षं मुलाखती झाल्या, दुसऱ्या कोणाचं तरी नाव लागलं. मग सरकारने भरतीच बंद केली. पीएचडी झालेली माणसं राजधानीत मंत्रालयासमोर तंबू टाकून बसली होती. हेदियाही आठवडाभर बसून आली. परत आल्यावर शेडमध्ये झाडू मारत होती.

एका शनिवारी ती पोरांच्या आधी आली. फ्रिकासे, म्हणजे सारण भरलेले तळलेले पाव, आणली होती, दोघांसाठी. चार घास खाऊन म्हणाली, "अम ताहर, मी म्हातारी होतेय."

"किती?"

"परिषदेच्या आधी पस्तीस."

मी खात राहिलो. मग लक्षात आलं.

"मग मोठ्या सभेत?"

"कायम नोकरीशिवाय घेत नाहीत. तो नियम माझ्या आधीचा."

"आणि बोट?"

तिने कागदाचा बोळा केला आणि उगाच घट्ट दाबत बसली.

सभेचे चिटणीस सी नूमान. मऊ बोलणारा, वाईट नाही असा माणूस. ते त्यानंतर स्वतः शेडमध्ये येऊन गेले. म्हणाले, "हेदिया, शाखेने ठराव केला की अपवाद म्हणून तुला सल्लागार ठेवावं, तर आम्ही मान्य करू. ओळखपत्र राहील. बोट राहील. पोरांनी मागायला हवं, एवढंच."

"पोरं मागतील," मी म्हणालो.

"मागतीलच," सी नूमान म्हणाले. "तिनेच तर वाढवलीत."

त्या दिवशी जाताना हेदियाने विचारलं, पुढच्या वसंतात पाण्यात न्यायला लाकडी चौकटी लागतील, करून द्याल का. मी दोन करून ठेवल्या.

मतदानाच्या शनिवारी पोरं पालथ्या होडीवर बसली. रंगाचा रिकामा डबा मीच धुऊन दिला. चिठ्ठ्या पडल्या. हेदिया उठली तेव्हा शैमा नावाची एक मुलगी, सगळ्यांत लहान, म्हणाली, "आज दुसऱ्या कोणीतरी वाचू दे ना."

"का? मला वाचता येत नाही?"

सगळे हसले. मीही हसलो. हसले नाहीत ते कोण, हे मी तेव्हा बघायला हवं होतं, पण मी रंध्याचं पातं लावत होतो.

तिने पहिली उघडली. "हो."

दुसरी. "हो."

"नाही." तिने ती वेगळी ठेवली. कोणीतरी खाकरलं.

"नाही."

"हो."

"नाही. नाही."

मी पातं खाली ठेवलं. ती एकेक चिठ्ठी उलगडत होती, चारही घड्या पूर्ण सोडवून, आणि वाचत होती. आवाज जराही बदलला नाही. बाकावर दोन ढीग होत गेले. वाचता वाचता तिने ढीग नीट सरळ केले, कडा जुळवल्या. शैमा रडायला लागली होती. हेदियाने तिच्याकडे बघितलंही नाही. डबा उपडा करून दाखवला, आत काही राहिलं नाही म्हणून.

"ठराव नामंजूर," ती म्हणाली. "पुढचा विषय. परिषदेसाठी फळ्या कोण उचलणार?"

पोरं आपापल्या पायांकडे बघत होती.

"गाडी कोणाकडे आहे, एवढं तरी सांगा."

शेवटी एकाने हात वर केला. तिने त्याचं नाव उच्चारलं, वेळ सांगितली, आणि हातोड्याचा ठोका मारला. सभा संपली.

दोन दिवसांनी मोएझ मोपेडवरून आला. नवा प्रमुख तोच होणार होता. त्याने गाडी बंद केली, पण उतरला नाही.

"मी नाही लिहिलं, अम ताहर."

"मी विचारलं?"

तो हँडलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिहिलं."

मी लाकूड तासत होतो, तासत राहिलो.

"सभेतल्या कोणीतरी सांगितलं, इटलीवाले मदत देणारेत, पण ज्या शाखेत सगळे पस्तिशीच्या आत त्यांनाच. सल्लागारसुद्धा चालत नाही म्हणे. आम्हाला जायचंय, अम ताहर. इथे काय आहे?"

"तिला विचारलं असतंस. तिनेच सांगितलं असतं, नाही लिहा."

"म्हणूनच नाही विचारलं."

हे मला कळलं नाही. अजूनही पुरतं कळलेलं नाही.

"आणि काही जण थकलेही होते," तो हळू म्हणाला. "प्रत्येक वाक्य पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला माहीत नाही."

"मला माहीत नाही? फळ्या कोणी घासून घेतल्या?"

तो गेला. खरं सांगायचं तर त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. ती कडक होती. मीही कडक होतो, आणि माझ्या हाताखालचे दोघे मला न सांगता दुसऱ्या शेडमध्ये गेले होते. पण त्यांनी जाताना माझ्याच तोंडून ते वाचून घेतलं नव्हतं.

परिषदेच्या सकाळी गाडी आली, गाडीवाला आला. उचलायला दुसरं कोणी नाही. माझे गुडघे असे. मी दारात उभा होतो तोच हेदिया आली. निळा कोट घातला होता, मुलाखतीचा.

"तू कशाला?"

"फळ्या माझ्या आहेत," ती म्हणाली आणि एक टोक उचललं.

सभागृहाच्या दारात टेबल होतं. टेबलामागची मुलगी नवीन होती, कोणाला ओळखत नव्हती. गळ्यात घालायची ओळखपत्रं रंगारंगाने लावून ठेवलेली.

"सभासद?"

"नाही," हेदिया म्हणाली.

"तरुण शाखा?"

"नाही."

"मग पाहुण्या? कोणाच्या?"

मागे रांग होती. तिच्यात तिने शिकवलेले होते, तिच्याबरोबर शिकलेलेही होते. सगळे एकाएकी आपापले फोन बघायला लागले. हेदियाने रांगेकडे बघितलं आणि पुन्हा टेबलाकडे वळली.

"माझ्याबरोबर आहे," मी म्हणालो. "फळ्यांचं काम."

मुलीने दोन पिवळी ओळखपत्रं काढली. कामगारांची. त्यांच्यावर नाव नसतं. हेदियाने पत्र गळ्यात घातलं, निळ्या कोटावर, आणि फळी उचलली.

फळ्या तिने उभ्या केल्या. प्रत्येकीवर तळवा फिरवला. पोरं पोस्टरं घेऊन आली. काहींनी तिला मिठी मारली, काहींनी बुटांच्या नाड्या बांधल्या. शैमाचं पोस्टर वाकडं लागत होतं. हेदिया म्हणाली, "डावीकडून वर." एवढंच. सी नूमान आले, पिवळं पत्र बघितलं, चेहरा पडला. "अहो, हे काय. आत या ना, बसा पुढे."

"काम आहे, सी नूमान."

मोएझ बोलायला उभा राहिला तेव्हा ती दाराच्या चौकटीत होती, हातात पेचकस. मी तिच्या मागे. पहिला नकाशा, घोट. दुसरा नकाशा, घोट. त्याचा आवाज भरला होता, शब्द सुटे होते. मग त्याची नजर दाराकडे आली. त्याने तिला बघितलं. शेवटचा नकाशा लावला आणि घोट न घेताच धावत सुटला. शब्दांचा पुन्हा खच पडला. हेदियाचा हात आपोआप वर गेला, ठोका मारायला. मग तिने तो खाली घेतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाची घोषणा झाली. पोरं उठली आणि सरळ कुसकुसकडे गेली. फळ्यांकडे कोणी वळलं नाही. त्यांना विसर पडला नसणार. तिच्यासमोर उभं राहायला नको होतं त्यांना.

आम्ही दोघांनी सोडवायला घेतलं. स्क्रू ती डब्यात टाकत होती, लांब एकीकडे, आखूड एकीकडे. निम्म्या फळ्या उतरल्यावर मोएझ आला. तोंड धुऊन आल्यासारखा ओला.

"ऐकलंत?"

"ऐकलं. शेवटचा नकाशा लवकर काढलास. लोकांचं वाचून व्हायचं होतं."

"लल्ला हेदिया, मी—"

"फळी धर," ती म्हणाली. "सुटली की पायावर पडेल."

त्याने धरली. तिने स्क्रू काढला. शेवटची फळी खाली येईपर्यंत तसंच चाललं. मग तो हात पुसत उभा राहिला, आणि ती म्हणाली, "जा, कुसकुस गार होतोय." तो गेला.

इटलीची मदत आली की नाही ते मी विचारलं नाही. मोएझ आता ब्रेस्तला आहे म्हणतात. हेदिया महदिया रस्त्यावरच्या एका तेलघाण्यात ऑलिव्हच्या तेलाचा आंबटपणा तपासते. हंगामात श्वास घ्यायलाही फुरसत नसते, म्हणते. पोस्टरच्या फळ्या माझ्याकडेच आहेत. शाखा आता शनिवारी भरत नाही.

परिषदेनंतरच्या वसंतात ती एकदा आली होती. शेडमध्ये फिरली, पालथ्या होडीवर बसली. मी करून ठेवलेल्या लाकडी चौकटी कोपऱ्यात होत्या, त्या तिने बघितल्या.

"अम ताहर, बाबांची होडी कुरणांपर्यंत जाईल का?"

तिचे चौकोन कुठे होते ते तिने मला पूर्वी नकाशावर दाखवलं होतं. बेटाच्या पलीकडे, जिथे तळ एकदम खाली जातो. मन्सूरने ती होडी खजुराच्या झावळ्यांचे कूड रोवून मासे धरायला बांधून घेतली होती. तिथे पाणी माणसाच्या कमरेएवढं. मी ती तेवढ्यासाठीच बांधली, तळ सपाट, काठ बुटके. लाटेत ती उभी राहणार नाही.

"इतकी वर्षं गळत नाही," हेदिया म्हणाली.

"गळत नाही. पण तिथे जाणार नाही."

"शांत दिवस बघून?"

मी नकारार्थी मान हलवली. तिला खोटं सांगणं मला जमलं असतं, पण ती तळवा फिरवून बघणाऱ्यांतली होती.

ती उठली, चौकटी एकमेकींवर नीट रचल्या, कडा जुळवल्या, आणि म्हणाली, "या ठेवा तुमच्याकडेच. कोणी मागायला आलं तर द्या."

अजून कोणी आलेलं नाही.